मायेची ऊब पुरे, आता मजुरीचं बोला

गोधडीवर लिहिलेलं काही हाती आलं की पहिल्या चार ओळींत 'आजी', 'माया' आणि 'ऊब' हे तीन शब्द सापडतातच. दिवाळी अंकातला लेख असो की शहरातल्या प्रदर्शनात गोधडीला अडकवलेली किमतीची चिठ्ठी असो. आजीच्या लुगड्याचा वास, तिच्या सुरकुतलेल्या हातांचे टाके आणि मग लेखकाचे पाणावलेले डोळे. आजीचे डोळे त्या टाक्यांपायी कसे अधू झाले, तिची पाठ कशी धरली, हे त्यात नसतं.

मैत्रिणींनो, मला ह्या मायेशी भांडायचं आहे. माया खोटी असते म्हणून नव्हे. एखाद्या कामाला माया म्हटलं की त्याची मजुरी विचारायची सोय राहत नाही, म्हणून. स्वयंपाक ही माया, आजारी माणसाची उस्तवार ही माया, बाळंतपण काढणं ही माया. गोधडी घरात होती तोवर तीही माया होती. आता ती बाजारात गेली आहे, आणि माया हा शब्दही तिच्याबरोबर बाजारात गेला आहे. तिथे तो गिऱ्हाइकाकडून जादा पैसे काढायला वापरतात आणि शिवणारीला कमी पैसे द्यायला.

आधी काम काय आहे ते पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी ह्या बाजूला, गोधड्या निघतात त्या शेतीची कामं सरल्यावर. मोहफुलं वेचून होत आलेली असतात, तेंदूचा हंगाम अजून लागायचा असतो, असा तो मधला काळ. ऊन कडक, अंगण कोरडं. जुनी लुगडी-धोतरं धुऊन वाळवायची. विरलेला भाग फाडून काढायचा. काठ वेगळे करायचे, ते पुढे कडेला लागतात. मग थर लावायचे, बरं कापड वर आणि खाली, फाटकं आत. चार थर, सहा थर, घरात जेवढं कापड असेल तसे. जमिनीवर ताणून पसरायचं, कडांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. एका बाजूने सासू बसते, दुसऱ्या बाजूने सून. थर जाड असले की साधी सुई चालत नाही, दाभण घ्यावा लागतो, आणि बोटं सोलून निघतात. वाकून बसल्यामुळे कंबर जी धरते ती रोवणी लागेपर्यंत सुटत नाही, असं बायका सांगतात. आणि रोवणीत पुन्हा वाकायचंच असतं.

आता तर सुती लुगडी घरात उरलीच नाहीत. पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी अंगावरून घसरते, घाम टिपत नाही, कितीही धुतली तरी मऊ पडत नाही. ज्यांना 'आजीची गोधडी' हवी आहे त्यांनी आजीला सुती लुगडं परवडतं का ते आधी विचारावं.

ह्या कामाला सरकारदरबारी नाव नाही. आकडा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत रोजगाराची माहिती घेताना प्रत्येक माणसाच्या कामाला एक संकेतांक देतात. नुसतं घरकाम करणारीचा ९२. घरकामाबरोबर जळण, कंदमुळं, रानभाजी, गुरांचा चारा फुकट गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवण, विणकाम करणारी असेल तर ९३. ९२ असो की ९३, दोघीही 'श्रमशक्तीच्या बाहेर' धरल्या जातात. म्हणजे आमच्या जंगलपट्टीतली बाई पहाटे उठून मोळी आणते, दुपारी गोधडी शिवते, आणि रात्री सरकारी तक्त्यात काही न करणारी म्हणून झोपते. आता ह्याच्याशेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. देशाचं उत्पन्न कसं मोजावं ह्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९९३ साली सुधारले, त्यांत घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तूही उत्पादनात धरावी असं म्हटलं आहे. स्वयंपाक धरायचा नाही, पण शिवलेला कपडा धरायचा. म्हणजे गोधडी हे उत्पादन ठरतं, आणि ती शिवणारी कामकरी ठरत नाही. १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालापासून आपण हे ओरडून सांगतो आहोत.

अंगावर चिंध्या पांघरून फिरणारे गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले. लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. बाबांच्या खराट्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, अंगमेहनतीचा मान त्यांनी वाढवला. पण कंथा पांघरणारा जोगी आपल्या वाङ्मयात जागोजाग भेटतो. ती कंथा शिवणारी कुठे भेटते का, शोधून पाहा.

आता चांदणीकडे येते, कारण हा लेख लिहायला बसले ते तिच्यामुळे.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या बचत गटांकडे गोधडीचं काम नव्या रूपात येऊ लागलं आहे. शहरातलं एखादं दुकान किंवा संस्था कापड पाठवते, सोबत पुठ्ठ्याचे साचे आणि एक नमुना. नमुना बहुधा चांदणीचा असतो. मी काम करते त्यातल्या एका गावात असं काम आलं तेव्हा प्रशिक्षणाचे तीन दिवस मीही बायकांबरोबर बसले. ती चांदणी कशी शिवतात ते जरा सविस्तर सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणी गटांना काम मिळवून देतात, आणि सुई हातात धरल्याशिवाय त्या कामात काय काय आहे ते कळत नाही.

बारा इंची चौकोन घ्यायचा. त्याची तीन बाय तीन अशी नऊ घरं. चार कोपऱ्यांतली घरं साधी, मधलंही साधं. उरलेल्या चार घरांत मात्र प्रत्येकी चार त्रिकोण, दोन गडद आणि दोन फिके, एकाआड एक. म्हणजे पाच चौकोन आणि सोळा त्रिकोण मिळून एकवीस तुकडे. एकवीस तुकडे जोडायला वीस शिवणी. प्रत्येक शिवणीत पाव इंच कापड आत सोडायचं, कमी नाही, जास्त नाही. त्रिकोणाची एखादी तरी कड तिरप्या कापडाची असते, ती नुसती बोटाने ओढली तरी लांबते. म्हणून शिवण घातली की लगेच दाबून बसवायची. त्याला इस्त्री हवी, आणि उन्हाळ्यात दुपारची वीज असेलच असं नाही. एका बाईने तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने शिवणी दाबल्या. चार तुकड्यांची टोकं एका ठिकाणी भेटतात तिथे सूतभर फरक पडला तर चांदणीचं टोक दुसऱ्या शिवणीखाली जातं. टोक गेलं की नग बाद.

सरावलेल्या हातालाही, सुईदोऱ्याने शिवून, कापण्यापासून दाबण्यापर्यंत सगळं धरलं तर एक चांदणी दोन तासांच्या आत झालेली मी पाहिली नाही. नगाचा दर ठरला तेव्हा ह्या दोन तासांचा उल्लेखही निघाला नाही. उलट शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे तर हे परंपरेनंच चालत आलंय." परंपरेने चालत आलेलं नाही. आमच्या गावांत चांदणी रांगोळीत काढतात, गोधडीत नव्हे. आणि चालत आलेलं असतं, तरी त्यामुळे शिवणारीची भूक कमी होते का?

शेजारी बसलेली एकजण मला हळूच म्हणाली, "ताई, चांदणीचे पैसे भेटतेत, वेळेचे नाही भेटत." एवढं स्पष्ट बोलायला मला एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आपली गोधडी आणि ही चांदणी ह्यांच्यातला फरक रंगाचा किंवा नमुन्याचा नाही, तो कामाच्या रचनेचा आहे. गोधडी चौकोना-चौकोनाने होत नाही. ती अख्खी एका जागी पसरलेली असते, तुकडे जोडणं आणि थर शिवणं बरोबरच चालतं. शिवणारीला काम कुठवर आलं ते दिसतं, ठिगळ कुठे आणि कोणतं लावायचं ते तीच ठरवते, कुणाच्या अंगावर जाणार तेही तिला माहीत असतं. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात तिचंही तंत्र हेच, कडेपासून आत. तिच्या चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. ही फुलं कुणी साचा पाठवून लावायला सांगितलेली नाहीत.

चांदणीचा चौकोन मांडीवर मावतो, पिशवीत मावतो. म्हणून तो वाटता येतो. सात फूट बाय आठ फुटांच्या गोधडीला असे छप्पन्न चौकोन लागतात. ते वीस घरांतून गोळा केले तर वीसांपैकी एकीलाही पुरी झालेली गोधडी दिसत नाही. तिची किंमतही कळत नाही. प्रत्येकीचा नग वेगळा मोजता येतो, वेगळा बाद करता येतो, आणि बाद झालेल्या नगाबद्दल ती एकटी पडते. जोडणी शहरात, चिठ्ठी शहरात, विक्री शहरात. विडीचं, उदबत्तीचं, पापडाचं काम ज्या पद्धतीने घरोघर वाटलं गेलं, तीच ही पद्धत. फक्त विडीच्या बंडलावर 'मायेची ऊब' असं कुणी छापत नाही.

चांदणी बिचारी ह्यात निर्दोष आहे. तिचा इतिहास कष्टकरी बायकांचाच आहे, फक्त तो प्रशिक्षणात सांगत नाहीत. नऊ घरांचा हा नमुना अमेरिकेतला, तिथे त्याला 'ओहायो स्टार' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शेतकरी बायका उरल्यासुरल्या कापडातून तो शिवत. चौकोन आपापल्या घरी, पण थर शिवायच्या दिवशी सगळ्या एका चौकटीभोवती जमत. म्हणजे चौकोन वाटला म्हणून बायका तुटल्याच पाहिजेत असं नाही. पुढे हे नमुने छापील झाले. कॅन्सस सिटीचं 'स्टार' नावाचंच एक वर्तमानपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत ते छापत असे. मात्र ज्या सुती कापडाच्या ह्या गोधड्या, त्याचा कापूस १८६५ पर्यंत गुलामांनी वेचलेला होता, आणि मळ्यावरच्या मालकिणींसाठी गुलाम बायकाच गोधड्याही शिवत होत्या.

त्यांतल्या एकीचं नाव राहिलं आहे. हॅरिएट पॉवर्स. १८३७ साली जॉर्जियात गुलामीत जन्मलेली. तिच्या हातच्या दोन गोधड्या आज शिल्लक आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आणि एक बोस्टनच्या संग्रहालयात. बोस्टनच्या गोधडीत तिने १८३३ च्या नोव्हेंबरातली उल्कावर्षावाची रात्र शिवली आहे. ती रात्र तिच्या जन्माच्याही आधीची, लोकांच्या तोंडून ऐकलेली. दुसरी गोधडी एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने मागितली तेव्हा हॅरिएट विकायला तयार नव्हती. पुढे घरात ओढाताण झाली, तेव्हा १८९१ साली तिने दहा डॉलर मागितले. पाच मिळाले. नंतर ती आपली गोधडी नुसती पाहायला त्या बाईंकडे पुन्हा पुन्हा जात असे. आज त्या गोधडीसमोर उभं राहून लोक हळहळतात. पाच डॉलरची गोष्ट जुनी झाली की तिचीही माया होते.

दुसरी गोष्ट आमच्या जंगलाला जास्त जवळची आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या माळरानावरचे लकोटा लोक रानगव्यांवर जगत. खायला गवा, पांघरायला गव्याचं कातडं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोऱ्यांनी शिकार करून ते गवे जवळजवळ संपवले आणि लकोटांना राखीव वस्त्यांत कोंडलं. तिथे मिशनच्या बायकांनी आणि शाळांनी मुलींच्या हातात सुई दिली. त्या मुलींनी शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडून आठ टोकांची एकच मोठी चांदणी शिवली, पहाटेच्या ताऱ्याची. मयताला, सन्मानाला, जिथे जिथे गव्याचं कातडं द्यायची रीत होती तिथे ती गोधडी द्यायला सुरुवात केली. आजही देतात. परक्याची सुई त्यांनी आपली करून घेतली ह्याचं मला मोठं कौतुक वाटतं. पण माळरान गेलं ते गेलंच. सुई मिळाली होती ती त्याच्या बदल्यात.

आमच्याकडे हाच व्यवहार गोड शब्दांत चालू आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. असा मृत्यू झाला की गावच्या सभेत कुणीतरी उठून बोलतं, 'बायकांना जंगलात पाठवूच नका, त्यांना घरबसल्या शिवणकाम द्या.' बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण तो काय देतो आणि काय काढून घेतो ते पाहा. तेंदूच्या फडीवर सत्तर पानांचा एक पुडा मोजला जातो, शंभर पुड्यांचा दर ठरलेला असतो, आणि ग्रामसभा स्वतः विक्री करत असेल तर तो दर गावासमोर जाहीर होतो. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने मिळवलेला सामूहिक वनहक्क, ह्यातलं काहीही कुणी आपण होऊन ताटात वाढलं नव्हतं. त्याच्या बदल्यात शिवणयंत्र? जिल्हा परिषदांनी सेस फंडातून वर्षानुवर्षं शिवणयंत्रं वाटली, वाटपाचे फोटो छापून आले. यंत्रावर शिवायचं काय आणि कुणासाठी, हा प्रश्न फोटोनंतरचा.

वाघापासून माणसाचं रक्षण करणं ही वनखात्याची जबाबदारी आहे. बाईने घरात बसणं हा त्यावरचा उपाय नाही. फडीवर मोजून पुडे देणारी बाई घरात बसून चांदण्या शिवायला लागली की ती पुन्हा त्या न मोजलेल्या कोपऱ्यात जाते, आणि जंगलावरचा तिचा दावाही हळूहळू सुटत जातो.

'शिवणकामाचे तास मोजणार कसे?' असं विचारणाऱ्यांना मी सावलीला नेते. सावली आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, खादीचं जुनं केंद्र. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथे भरलं, तेव्हा गांधीजी आले होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी चरखा संघात वाद उभा केला होता, की घरी बसून सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे पडले पाहिजेत. खादी महाग होईल, कुणी घेणार नाही, असा विरोध झाला. आठ आणे काही झाले नाहीत. पण मजुरी वाढली, आणि आठ तास काम करणारीला पोटापुरतं मिळालंच पाहिजे हे तत्त्व संघाने ठरावात घेतलं. ह्याला नव्वद वर्षं झाली. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत धरलं होतं. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ साली झाला. त्याला भारताने मान्यता दिलेली नाही.

आणि गोधडीचंच उदाहरण हवं असेल तर अहमदाबादचं घ्या. गिरण्यांतून निघालेल्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या तिथल्या मुसलमान बायका नगावर काम करत होत्या, घरात बसून, व्यापाऱ्याच्या दराने. १९७२ साली ईला भट ह्यांनी उभ्या केलेल्या 'सेवा' संघटनेत त्या आल्या आणि त्यांनी दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी काम तोडलं. तेव्हा त्यांनी 'सबिना' ही आपली सहकारी संस्था काढून स्वतः माल घेतला, स्वतः विकला. घराच्या चार भिंतींत सुटी सुटी बसलेली बाई दरावर भांडू शकत नाही, असं आजही मला ऐकवलं जातं. चिमूरहून नागपूरपर्यंत २०१० साली दारूबंदीसाठी पायी चालत गेलेल्या बायका ह्याच आमच्या चंद्रपूरच्या. त्यांनी २०१५ साली बंदी आणून दाखवली. सरकारने ती २०२१ मध्ये उठवली हा सरकारचा पराक्रम. त्या बायकांना नगाचा दर बोलता येणार नाही?

आता हिशेब. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागला तर तासाला ३९. दोन तासांच्या एका चांदणीला ७८ रुपये. छप्पन्न चांदण्यांची मजुरी ४,३६८, आणि अजून जोडणी, अस्तर, थर शिवणं, कड बाकी आहे. समजा कुणी नगाला तीस रुपये देऊ करतं. ऐकायला तीस रुपये बरे वाटतात. तासाला पंधरा होतात, आठ तासांचे एकशेवीस. माती उचलण्याच्या मजुरीच्या निम्मेसुद्धा नाहीत. आणि सूतभर फरकाने टोक गेलं तर तेही नाहीत.

'पण बायका हे रिकाम्या वेळात करतात ना?' हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात येतो. कुठला रिकामा वेळ? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात गेलेला दिसला, पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनी लगेच आपलीही नऊ वाचवून घेतली! जो वेळ रिकामा म्हणतात तो झोपेचा असतो.

'एवढ्या मजुरीची गोधडी खपणार नाही' असंही म्हणतात. गांधीजींना १९३५ साली हेच सांगितलं होतं. नसेल खपत तर कमी नमुनेदार गोधडी विका, छप्पन्न चांदण्यांऐवजी मध्ये एकच लावा, आपली साधी धावदोऱ्याची गोधडी विका. कामाचे तास कमी करून किंमत उतरवता येते. ती बाईच्या तासाचा दर उतरवूनच का उतरवायची?

ह्यात आपल्याच संस्था-संघटनांचं काय, हेही विचारायला हवं. ८ मार्चच्या मेळाव्यात 'गटाला गोधडीचं काम मिळालं' असं जाहीर होतं आणि आपण टाळ्या वाजवतो. दर किती मिळाला हे व्यासपीठावरून कुणी विचारत नाही, विचारलं तर काम जाईल म्हणून. बाईच्या गरजेचा फायदा व्यापारी घेतो तसा कधी कधी आपला वार्षिक अहवालही घेतो.

तेव्हा पुढच्या वेळी असं काम घेऊन कुणी आलं, तर दर बोलण्याआधी पहिली चांदणी सगळ्या गटासमोर घड्याळ लावून शिवा. सगळ्यात चपळ बाईच्या हातून नव्हे, मधल्या हाताच्या बाईकडून. कापणं आणि दाबणं त्यात धरा. सुई, दोरा, इस्त्रीची वीज कुणाची, ते लिहून घ्या. बाद नगाचे किती कापायचे आणि बाद कुणी ठरवायचं, तेही. जमेल तिथे जोडणी गावातच करायचा आग्रह धरा, म्हणजे गोधडी पुरी झालेली दिसेल, आणि दुकानात ती कितीला गेली हे गटाला कळलं पाहिजे अशी अट घाला. नमुना बायकांनी काढला असेल तर तो बायकांचा.

आमच्या एका गटाने असं घड्याळ लावून पाहिलं. काम देणाऱ्यांनी दर वाढवायला नकार दिला, पण नगाबरोबर तासही वहीत लिहायला त्या कबूल झाल्या. काहीजणींना लिहिता येत नाही, त्या रेघा ओढतात, अर्ध्या तासाला एक रेघ. दर शनिवारी सगळ्या रेघा मोजून बेरीज होते. वही गटाच्या पेटीत आहे. पुढचं कापड दिवाळीनंतर येणार आहे, आणि दराचं बोलणं त्या वहीवरून होणार, असं बायकांनी त्यांना कळवलं आहे.